दहा हजार पावलांचा वसा

फोनमधलं आरोग्याचं ॲप पहिल्यांदा उघडलं की ते वय, उंची, वजन विचारतं आणि मग रोजचं ध्येय ठरवायला सांगतं. आपण काहीच निवडलं नाही तर बऱ्याच ॲपांमध्ये एक आकडा आधीच भरलेला सापडतो : १०,०००. बावीस वर्षांच्या मुलीलाही तोच आणि साठीच्या काकांनाही तोच. आपल्यातले बहुतेक जण तो आकडा तसाच ठेवतात. डॉक्टरांनीच कधीतरी ठरवला असेल, असं आपण धरून चालतो.

हा आकडा डॉक्टरांनी ठरवला नव्हता. तो आला एका जपानी यंत्राच्या नावातून. ते नाव आपल्या खिशापर्यंत कसं पोचलं, याचा माग काढताना मला असं दिसलं, की चालण्याची मोजदाद ही काही फोनने आणलेली गोष्ट नाही. माणसं फार पूर्वीपासून पावलं मोजत आली आहेत. फक्त आकडा कुणी ठरवायचा, तो कुणी पाहायचा आणि मोजणं कधी थांबवायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक काळात वेगळी होती. आज जिममध्ये किंवा ट्रॅकवर जायचं की नाही हे मनगटावरचा आकडा ठरवत असेल, तर ही जुनी उत्तरं एकदा पाहायला हवीत.

शंभर मण्यांची माळ

सुरुवात जपानच्या शंभर वर्षं आधी करू. आजच्या उत्तराखंडातल्या मिलम गावचा नैनसिंग रावत हा शाळामास्तर. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता, पण गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. तेव्हा थॉमस माँटगोमेरी या अधिकाऱ्याने हिमालयातलीच माणसं निवडून त्यांना डेहराडूनला शिक्षण दिलं. शिकायची मुख्य गोष्ट एकच होती, चालणं. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल ठरावीक लांबीचंच पडलं पाहिजे. मैलाला सुमारे दोन हजार पावलं.

१८६५-६६ साली नैनसिंग यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेला. त्याच्या हातात जपमाळ होती. आपल्या माळेत १०८ मणी असतात, त्याच्या माळेत १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी पुढे. माळ एकदा पूर्ण फिरली की दहा हजार पावलं, म्हणजे साधारण पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी नोंदींचे कागद होते. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस जप करत चालला आहे.

या दहा हजारांचा आपल्या फोनमधल्या दहा हजारांशी काही संबंध नाही, शंभराला शंभराने गुणलं की तेवढेच होतात. पण मला या माळेत आजच्या गोष्टीचा एक धागा दिसतो. नैनसिंग स्वतःसाठी पावलं मोजत नव्हता. आकडा साहेबाने ठरवलेला, नोंदी साम्राज्याच्या नकाशासाठी. सुरुवातीच्या अहवालांत त्याचं नावही गुप्त, नुसता ‘पंडित’ असा उल्लेख. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. पावलं एकाची आणि त्यांचा उपयोग दुसऱ्याला, हे त्या माळेपासून चालत आलं आहे.

तालमीतला आकडा

महाराष्ट्रात व्यायामाची मोजणी तालमीत झाली. जोर किती, बैठका किती, हे पैलवानाला तोंडपाठ असतं. पण त्यातली गोम अशी, की हा आकडा वस्तादाच्या नजरेखाली वाढतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर बैठका कुणी मारायला लावत नाही. अंग दुखत असेल, ताप येऊन गेला असेल, कुस्ती जवळ आली असेल, तर वस्ताद आकडा खाली आणतो. आकड्यामागे एक डोळा असतो आणि तो पोराला ओळखत असतो.

दुसरं उदाहरण औंधचं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराला आखाड्यातून आणि देवघरातून बाहेर काढून शाळेत आणलं. त्यांच्या संस्थानातल्या शाळांमध्ये मुलं नमस्कार घालत, मुलींनीही घालावेत असा त्यांचा आग्रह. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमधून निघालं, त्याच्या नावातच ‘टेन पॉइंट’ होतं. दहा ठरलेल्या स्थिती, ठरलेला श्वास, ठरलेली संख्या. उपकरण नको, मैदान नको, पैसा नको, सकाळचा थोडा वेळ पुरे. आज ॲपच्या जाहिराती जे सांगतात त्यातलं बरंचसं भवानराव तेव्हाच सांगत होते.

तालीम किंवा औंधची शाळा फार गोड रंगवायचं कारण नाही. तालीम ही पुरुषांची जागा होती, गल्लीची आणि जातीची वेसही तिला होती. औंधमध्ये आकडा राजाज्ञेने आला होता, पोरांना कुणी विचारलं नव्हतं. वरून ठरवलेलं ध्येय ही कल्पना ॲपवाल्यांची नव्हे. फरक इतकाच, की वस्तादाला किंवा मास्तरला जाऊन ‘आज जमणार नाही’ असं सांगता यायचं. ओरडा बसायचा, पण सांगता यायचं.

मानपो-केई

आता जपान. १९६४ च्या ऑक्टोबरात टोकियोत ऑलिंपिक भरलं. युद्धातून वर आलेला देश खेळाने भारावलेला होता, आणि त्याच वेळी शहरांतलं बसून करायचं काम वाढत होतं. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, यामासा या घड्याळं बनवणाऱ्या कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं. जपानीत दहा हजाराला स्वतंत्र शब्द आणि स्वतंत्र अक्षर आहे, आपल्याकडे लाखाला आहे तसा. ते अक्षर थोडं चालणाऱ्या माणसासारखं दिसतं, असंही सांगतात.

आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, फार सोपा नव्हता आणि अशक्यही नव्हता. जपानमधल्या चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलला. योशिरो हातानो यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे त्याला शास्त्राचा आधार द्यायचा प्रयत्न केला. पण क्रम लक्षात घ्या. यंत्राचं नाव आधी आलं, आकड्याची मोठी तपासणी कितीतरी दशकांनी झाली.

ती तपासणी काय सांगते? २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,७४१ वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साधारण ७,५०० पर्यंत हा फायदा वाढत गेला, त्यानंतर सपाट झाला. २०२२ साली १५ अभ्यास एकत्र करून जवळपास ४७,००० माणसांची माहिती तपासली गेली. त्यात साठीच्या आतल्यांसाठी फायदा ८,००० ते १०,००० च्या आसपास सपाट झालेला दिसला, साठीपुढच्यांसाठी ६,००० ते ८,००० ला. म्हणजे तरुणांच्या बाबतीत यामासाचा आकडा अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडे सगळं आहे, असंही नव्हतं. ९,२०० पावलं चाललेला माणूस नापास झालेला नसतो, पण पडद्यावरचं अर्धवट वर्तुळ त्याला तसंच वाटायला लावतं.

गुण, फूल आणि वर्तुळं

मोजणीला खेळाचं रूप द्यायची युक्तीही फोनच्या आधीची. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली ‘एरोबिक्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात धावणं, पोहणं, सायकल, चालणं या सगळ्यांना गुण दिले होते. अमुक अंतर अमुक वेळात कापलं की इतके गुण, आणि आठवड्याचं ध्येय ३० गुणांचं. लोक वहीत तक्ते आखून गुण मांडू लागले. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकासाठी कूपरची पद्धत वापरली, आणि त्या देशात जॉगिंगला ‘कूपर करणं’ असंच म्हणायला लागले. पण ही वही घरातच असायची. गुण मांडणारा आणि पाहणारा माणूस एकच.

पुढची पायरी २००६ ते २०१५ या दहा वर्षांतली. २००६ मध्ये बुटातला सेन्सर आयपॉडला जोडून धाव मोजायची सोय आली. २००७ मध्ये सुरू झालेल्या फिटबिटने २००९ मध्ये आपलं पहिलं यंत्र विकायला काढलं. त्याच्या छोट्या पडद्यावर एक फूल होतं. तुम्ही चालत राहिलात की देठ वाढायचा, बसून राहिलात की खुरटायचा. २००९ मध्येच स्ट्राव्हा आलं. त्यावर तुमची धाव दुसऱ्याला दिसायची, आणि तोच रस्ता तुमच्याआधी कोण किती वेळात धावला हे तुम्हाला. २०१५ मध्ये ॲपलच्या घड्याळात तीन वर्तुळं आली, रोज बंद करायची. स्वस्त मनगटी पट्ट्या आपल्याकडे पोचल्या तशी ही भाषा मराठी घरांतही शिरली. ‘आज माझे स्टेप्स झाले नाहीत’ हे वाक्य आता आईही म्हणते.

आत चालतं काय, तेही सांगतो. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते, तिच्यात सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म तुकडा हलता ठेवलेला असतो. आपण चाललो की तो ठरावीक लयीत हलतो, आणि सॉफ्टवेअर त्या लाटांचे उंचवटे मोजतं. म्हणजे यंत्र पाय मोजत नाही, हेलकावे मोजतं. म्हणून ट्रॉली ढकलत चालणाऱ्याची पावलं मनगटावरचं घड्याळ कमी धरतं, आणि नुसता हात हलवत राहिलं तरी काही पावलं जमा होतात. फोन अडकवून ठेवला की त्याला हलवत राहणारी छोटी यंत्रंसुद्धा ऑनलाईन विकत मिळतात. चालायच्या ऐवजी आकडाच हवा असलेली माणसं किती असतील, याचा अंदाज त्यावरून करावा.

बिल्ला मिळाला की

मग ॲप माणसाला व्यायामाला लावतं का? लावतं. २००७ साली अमेरिकेत २६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पावलं मोजणारं यंत्र लावलेली माणसं दिवसाला सरासरी जवळपास अडीच हजार पावलं जास्त चालताना दिसली. त्यातही, ज्यांच्यापुढे ठरावीक ध्येय होतं तेच वाढले. ध्येयाशिवाय नुसतं यंत्र लावून फारसं काही झालं नाही. म्हणजे त्या भरून ठेवलेल्या आकड्यात ताकद आहे.

ती टिकते किती, हा पुढचा प्रश्न. २०१६ च्या उन्हाळ्यात पोकेमॉन गो या खेळाने जगभरची पोरं रस्त्यावर आणली. अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंच्या फोनमधल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावलं वाढली होती. सहाव्या आठवड्यापर्यंत वाढ संपली होती. त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला, तोही १८ ते ३५ वयाच्याच ४७० जणांचा. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं, आणि काहींना शिवाय दंडावर बांधायची यंत्रं दिली. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं होतं, बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलो.

असं का व्हावं? मला याचं उत्तर एका जुन्या, लहान मुलांवरच्या प्रयोगात सापडतं. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात रंग पुढे ठेवले. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. आवडीचं काम त्यांच्या लेखी बक्षिसाचं काम झालं होतं. २०१६ साली जॉर्डन एटकिन यांनी मोठ्या माणसांवर प्रयोग केले, त्यांत चालणंही होतं. आकडा दिसत असला की माणसं जास्त चालली, पण चालण्यातली मजा कमी झाल्याचं त्यांनीच सांगितलं.

माझ्या ओळखीतली एक मुलगी रात्री साडेअकराला गच्चीवर फेऱ्या मारते. सलग दोनशे दिवसांची तिची साखळी आहे. मध्ये तिचा घोटा सुजला, तेव्हाही ती पट्टी बांधून फिरत होती. ‘आता तोडली तर सगळं वाया,’ ती म्हणाली. दोनशे दिवस चाललेलं शरीर एका रात्रीत वाया कसं जाईल? पण तिच्या म्हणण्याचा अर्थ मला कळतो, कारण आपल्याकडे अशा साखळीला जुना शब्द आहे : वसा.

उद्यापन

आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात मोजणीचे किती प्रकार होते ते आठवून पाहा. लाख वाती, सोळा सोमवार, वडाला एकशेआठ फेऱ्या, चातुर्मासात रोज देवळाला ठरावीक प्रदक्षिणा. वसा घेतला की मध्येच टाकायचा नाही, हा त्यातला धाकही पक्का. तोडलं तर देव कोपेल ही भीती आणि तोडलं तर साखळी शून्यावर येईल ही भीती, यांत मला फार अंतर दिसत नाही.

पण व्रताला दोन सोयी होत्या. अंगात ताप असेल, घरात सुवेर-सुतक असेल, तर मार्ग होता. दुसऱ्या कुणी ते पूर्ण करावं, पुढे ढकलावं, हे शास्त्रात बसायचं. आणि दुसरी सोय म्हणजे उद्यापन. सोळा सोमवार झाले की सतराव्या सोमवारी सांगता. जेवण घालायचं, दान द्यायचं, व्रत संपलं म्हणून सांगायचं. मोजणीला शेवट होता आणि तो शेवट साजरा व्हायचा.

ॲपला उद्यापन नाही. दोनशे दिवस झाले की दोनशे एकावा. ॲपलच्या घड्याळातली वर्तुळं २०१५ मध्ये आली, पण आजारपणात किंवा सुट्टीत साखळी न तोडता ती थांबवून ठेवायची सोय २०२४ मध्ये मिळाली. आपल्या व्रतांत जे पहिल्यापासून होतं ते सुचायला नऊ वर्षं लागली. शेवट मात्र अजूनही नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. ज्या दिवशी तुम्हाला सवय लागेल आणि मोजायची गरज उरणार नाही, त्या दिवशी तुम्ही ॲप उघडणं थांबवाल. तुमचा व्यायाम सुटू नये हे तुमच्या हिताचं, आणि तुमचं ॲप सुटू नये हे त्यांच्या. पहिले काही महिने ही दोन हितं एकाच वाटेने जातात, पुढे त्यांना फाटा फुटतो.

आकडा पाहतो कोण, हाही प्रश्न उरतोच. २०१७ मध्ये स्ट्राव्हाने वापरणाऱ्यांच्या धावांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. काही महिन्यांनी नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की वाळवंटात उजळलेल्या रेघांमुळे लष्करी तळांचे आराखडे उघडे पडत आहेत. सैनिक व्यायामाला धावत होते आणि नकाशा तयार होत होता. नैनसिंगची माळ उलटी फिरली म्हणायची. आपल्याकडे २०२० मध्ये विमा नियामकाने आरोग्यपूर्ण सवयींबद्दल ग्राहकाला सवलती देण्याबाबत मार्गदर्शक नियम काढले, आणि आज काही आरोग्य विम्यांत चालण्याच्या नोंदीवर हप्त्यात सूट मिळते. चालणाऱ्याला सूट, तर न चालू शकणाऱ्याला काय, हे अजून कुणी मोठ्याने विचारत नाही. दहा मिनिटांत किराणा पाठवणाऱ्या गोदामात दिवसभर रॅकांमधून फिरणाऱ्या पोराची पावलं कुठल्याही ‘चॅलेंज’मध्ये जिंकतील, पण त्याच्या हातातलं ॲप पावलं मोजत नाही, सेकंद मोजतं.

तरी मी ॲप काढून टाका असं म्हणणार नाही. तालमीचं दार जिच्यासाठी कधी उघडलं नाही त्या मुलीला फोनने व्यायाम शिकवला. ‘कुठे निघालीस?’ या प्रश्नाला ‘स्टेप्स पूर्ण करायला’ हे उत्तर अनेक घरांत चालून जातं, नुसतं ‘फिरायला’ चालत नाही. एवढी मोकळीक एका जपानी घड्याळ कंपनीच्या आकड्याने मिळवून दिली असेल, तर तो आकडा फुकट गेला नाही.

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. पाऊण मीटरच्या आसपास पाऊल धरलं तर सव्वातीन-साडेतीन लाख पावलं होतात. अलीकडे दिंडीत मनगटावर पट्टी बांधलेली तरुण मंडळीही दिसतात, रात्री मुक्कामाला आकड्यांची तुलना होते, त्यात गैर काही नाही. शेजारी चालणाऱ्या मावशींना आपली पावलं किती झाली ते माहीत नसतं आणि त्या पुढच्या वर्षी पुन्हा येतात. पंढरपूर आलं की चालणं संपतं, हे मात्र दोघांनाही माहीत असतं.

यंदा मी माझ्या फोनमधला दहा हजारांचा आकडा बदलून आठ हजार केला आहे आणि त्याला मुदत घातली आहे, आषाढी ते कार्तिकी. आजारी पडलो तर तेवढे दिवस सोडायचे, मागून भरून काढायचे नाहीत. कार्तिकी एकादशी झाली की चार मित्रांना जेवायला बोलवायचं आणि मोजणी बंद करायची. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी बूट घालतो की नाही, ते पाहायचं आहे.